कोटणीस सैनिक होते

गेल्या ९ डिसेंबरला राहुरीत एका सभागृहात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन साजरा झाला. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक हे सारे यथासांग पार पडले. प्रमुख वक्ते उठले आणि पाऊण तास 'सेवा' या एकाच शब्दाभोवती प्रदक्षिणा घालत राहिले. कोटणीस सेवाव्रती होते, करुणामूर्ती होते, मानवतेचे पुजारी होते. परक्या मुलखातल्या दीनदुबळ्यांसाठी त्यांनी चंदनासारखा देह झिजवला, वगैरे वगैरे. कार्यक्रम संपत आला असता मागच्या बाकांवरचा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याने विचारले, "सर, ते कोणत्या सैन्यात होते?" व्यासपीठावर क्षणभर चुळबुळ झाली. मग उत्तर आले, "सैन्यात नव्हते बाळ, ते डॉक्टर होते." आणि लगोलग आभारप्रदर्शन सुरू झाले.

हे उत्तर खोटे आहे. ते अज्ञानातून आले असते तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु गेली कित्येक दशके सरकारी समारंभांतून, पाठ्यपुस्तकी चरित्रांतून, दोन देशांच्या राजदूतांच्या भाषणांतून हेच उत्तर निरनिराळ्या शब्दांत दिले जात आहे. कोटणीसांच्या अंगावरचा गणवेश उतरवून त्यांना पांढरा डगला चढवण्याचा हा उद्योग आहे. पांढऱ्या डगल्याला हार घालणे सोपे असते. गणवेशातल्या माणसाला मात्र विचारावे लागते की बाबा रे, तू कोणाच्या बाजूने लढलास, आणि का?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर उघड आक्रमण केले. त्यानंतर चिनी कम्युनिस्टांच्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची व औषधांची मागणी केली. हे पत्र कोणी कोणाला लिहिले ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. ते एका सरकारने दुसऱ्या सरकारला लिहिलेले नव्हते. एका लढणाऱ्या सेनेच्या सेनापतीने एका पराधीन देशातील स्वातंत्र्यचळवळीच्या नेत्याला ते लिहिले होते. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी जनतेला आवाहन केले, जुलैमध्ये देशभर 'चीन दिन' पाळले गेले, आणि बावीस हजार रुपये जमले. ज्या देशातल्या माणसांना स्वतःच्या अंगावर धड वस्त्र नव्हते त्यांनी दुसऱ्या देशावरील बॉम्बहल्ल्यांच्या जखमा बांधण्यासाठी हे पैसे दिले. त्या पैशांवर पाच डॉक्टर निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने त्यांनी प्रयाण केले. पथकप्रमुख अटल हे त्याआधी स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्धच्या लढाईत जखमींची शुश्रूषा करून आलेले होते. म्हणजे हे पथक तटस्थ नव्हते आणि तसा आवही त्याने कधी आणला नाही.

कँटन, हँकौ, चुंगकिंग असा युद्धग्रस्त प्रवास करीत फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. वाटेतच कोटणीसांना वडील वारल्याचे कळले. परत जाण्यास याहून मोठे कारण कोणते हवे होते? मराठी मध्यमवर्गीय घरातला कर्ता होऊ घातलेला मुलगा, घरी आई, लहान भावंडे. कोणी एका शब्दानेही त्यांना दोष दिला नसता. ते परतले नाहीत. पथकातील इतर सहकारी आपापले काम करून यथावकाश मायदेशी आले, सर्वांत शेवटी १९४३ मध्ये बसू आले. त्यांत कमीपणा काहीच नव्हता. कोटणीस मात्र आठव्या रूट आर्मीत दाखल झाले आणि वुताई पर्वताच्या परिसरात, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या सरहद्दी प्रदेशात गेले. हा गनिमी युद्धाचा मुलूख होता. तेथील इस्पितळ म्हणजे इमारत नव्हे. आज या खेड्यातले घर, उद्या त्या खेड्यातला गोठा, आणि शत्रू जवळ आला की जखमींना पाठीवर घेऊन रातोरात डोंगर चढणे. १९४० मधील एका लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि तीन अहोरात्र न झोपता शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालक नेमण्यात आले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यविशारद. तेही स्पेनमधून चीनला आलेले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन वारलेले. कोटणीस त्यांच्या जागी गेले. चिनी भाषा शिकून ते तिच्यात व्याख्याने देऊ लागले. तेथीलच परिचारिका-शिक्षिका क्वो चिंगलान हिच्याशी त्यांनी १९४१ च्या अखेरीस विवाह केला. १९४२ च्या जुलैत ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय बत्तीस.

आता कोणी म्हणेल की त्यांना गोळी लागली नाही, ते आजाराने गेले. मग सैनिकाचे मरण कसे? असे विचारणाऱ्याला युद्ध म्हणजे सिनेमातील चकमक वाटते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे शरण गेलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. वेढ्यातील उपासमार, रक्तपिती, कॉलरा आणि नंतरची वाळवंटातील पायपीट यांनी जे मेले त्यांना कोणी रणांगणाबाहेरचे मृत म्हणत नाही. कोटणीसांना गोळीने मारले नाही, अतिश्रमाने, अपुऱ्या अन्नाने आणि औषधांच्या तुटवड्याने मारले. आणि हा तुटवडा नाकेबंदीने घडवलेला होता. गनिमी सेनेच्या डॉक्टरला यापेक्षा अधिक लढाऊ मरण कोणते येणार?

सेवा आणि सैनिकी या दोहोंत हा भेद आम्ही इतक्या आग्रहाने का करतो, ते पुढे स्पष्ट होईल. त्याआधी त्या डिसेंबरकडे जरा राहुरीतून पाहू.

राहुरीपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर नगरचा किल्ला आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेली काँग्रेस कार्यकारिणी तेथे आणून कोंडण्यात आली होती. नेहरू, आझाद, पटेल, पंत, कृपलानी, आणि आपल्या चळवळीचे आचार्य नरेंद्र देव. ज्या नेहरूंच्या नावे चू तेह यांचे पत्र आले होते ते, कोटणीस हेबेईतल्या एका खेड्यात शेवटचे श्वास घेत होते त्या पहाटे, नगरच्या तटबंदीआड होते. त्याच्या बरोबर महिनाभर आधी जयप्रकाश हजारीबागचा तुरुंग फोडून निसटले होते. नगरचेच अच्युतराव पटवर्धन भूमिगत होते. या सर्वांना पकडणारे किंवा शोधणारे सरकार कोणत्या बाजूचे होते? जपानच्या विरुद्ध बाजूचे. म्हणजे ज्या शत्रूशी लढताना एक मराठी डॉक्टर चीनमध्ये मेला त्याच शत्रूशी लढत असल्याचा दावा करणारे सरकार त्याला पाठवणाऱ्यांना तुरुंगात टाकून बसले होते. आणि ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये त्याला जपानविरुद्ध रवाना केले, तेच १९४३ मध्ये जपानच्या साह्याने आझाद हिंद फौजेचे नेतृत्व करणार होते. त्या फौजेत तरी कोण होते? युद्धकैदी होतेच, पण मलायाच्या रबराच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे तमिळ मजूरही हजारोंनी होते. त्यांतील अनेकांनी भारताची भूमी पाहिलीही नव्हती आणि त्यांनी तिच्यासाठी बंदूक उचलली.

इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. 'देशासाठी बलिदान' एवढ्या दोन शब्दांत तो मावत नाही. देश कोणता, सैन्य कोणाचे, युद्ध कोणी ठरवले आणि मरणाऱ्याला कोणी विचारले, हे प्रश्न विचारल्यावाचून युद्धातल्या कोणत्याही मृत्यूविषयी खरे बोलता येत नाही.

हिंदुस्थानला कोणी विचारले होते? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी परस्पर जाहीर करून टाकले की हा देश युद्धात आहे. चाळीस कोटी माणसांच्या वतीने एका माणसाने केलेली ही घोषणा. त्यानंतर पंचवीस लाख भारतीय सैन्यात भरती झाले आणि सुमारे ८७ हजार मेले. त्यांत आपल्या मुलखातलेही पुष्कळ. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत टायबरच्या खोऱ्यात शत्रूच्या ठाण्यावर एकट्याने चाल करून मेले. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये, त्याच इटलीत, सेनिओ नदीच्या पात्रातून जखमी सहकाऱ्यांना पाठीवर आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव सुदैवाने वाचले आणि १९८४ पर्यंत जगले. त्यांच्या शौर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण गावोगावीचे तरुण त्या काळी भरतीला गेले ते हिटलरविषयी चार पुस्तके वाचून नव्हे. दुष्काळी रान, सावकाराचा तगादा आणि महिन्याकाठी घरी येणारी मनीऑर्डर, हे त्या भरतीचे अर्थशास्त्र होते. फॅसिझमचा पाडाव झाला हे जगाचे भाग्य, आणि त्यात या शेतकऱ्यांच्या पोरांचा वाटा आहे हे निःसंशय. तरीसुद्धा त्यांना विचारले नव्हते, ही गोष्ट पदकांनी झाकत नाही.

कोटणीसांचे वेगळेपण नेमके येथे आहे. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता, पगाराचे आमिष नव्हते, फसवले तर मुळीच नव्हते. आपण कोणत्या युद्धात आणि कोणाच्या बाजूने जात आहोत हे त्यांना ठाऊक होते. ते एकटेच तसे होते असेही नाही. त्या दशकात जगभर अशी माणसे निपजली. फिनलंडहून पोटासाठी अमेरिका-कॅनडाच्या खाणींत आणि जंगलांत गेलेले मजूर, ज्यांना त्या देशांत कोणी धड आपले मानत नव्हते, ते तेथून उठून स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी लढायला गेले आणि त्यांतील कित्येक तेथेच पुरले गेले. आमच्या नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार (हे गृहस्थ राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, हे त्यांच्या आजच्या वारसांना आठवत असेल तर उत्तम) लंडनहून 'जॉन स्मिथ' असे नाव घेऊन स्पेनमध्ये गेले, फ्रँकोच्या बंदिवासात पडले, आणि १९३८ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी संघाची वाट सोडली. ते वाचले, म्हणून त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही.

कोटणीसांवर निघाला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. तो चित्रपट प्रामाणिक होता असेच आम्ही म्हणू. परंतु तेव्हापासून कोटणीस ही जी एक गोड स्मृती झाली ती पुढे राज्यकर्त्यांच्या हाती लागली. 'हिंदी-चिनी भाई-भाई'च्या दिवसांत तिचा पुष्पगुच्छ झाला. चिनी नेते भारतात येत, कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत, छायाचित्रे निघत. ही प्रथा पुढेही टिकली. हू जिंताओ २००६ मध्ये, ली केचियांग २०१३ मध्ये, शी जिनपिंग २०१४ मध्ये या कुटुंबाच्या भेटीवाचून गेले नाहीत. सोलापूरच्या घराचे २०१२ मध्ये स्मारक झाले. आणि संबंध बिघडले की हीच स्मृती कपाटात जाते. १९६२ मध्ये गेली. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान मारले गेले तेव्हा पुन्हा गेली. चिनी फोन फोडण्याच्या त्या हंगामात कोटणीसांचे नाव घेणे म्हणजे देशद्रोहाच्या उंबरठ्यावर पाय ठेवणे झाले होते. जी स्मृती परराष्ट्रखात्याच्या हवामानाप्रमाणे फुलते आणि कोमेजते ती स्मृती नव्हे, ती टेबलावरची फुलदाणी आहे.

१९६२ चा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी त्या सभागृहात कोणी सांगितली नाही. चीनने सोलापूरच्या एका परदेशस्थाला आपल्या सेनेत घेतले, इस्पितळ त्याच्या हाती सोपवले, आपल्यातील एका मुलीचा तो पती झाला, मेल्यावर त्याला आपल्या हुतात्म्यांत स्थान दिले. आणि आपण? १९६२ च्या नोव्हेंबरात आसाम, दार्जिलिंग या भागांतून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून आगगाडीने राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. ही माणसे चहाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात आलेल्यांची नातवंडे-पतवंडे होती. सुतारकाम, चर्मकाम, खानावळी करून जगणारी, आसामी आणि नेपाळी बोलणारी. त्यांत बायका होत्या, तान्ही मुले होती. कोणावर खटला चालला नाही. काही वर्षानुवर्षे तेथे राहिली, काहींना चीनला धाडले, जो देश त्यांनी पाहिलाही नव्हता. देवळी हे नाव समाजवाद्यांना तरी अपरिचित नसावे. इंग्रजांनी १९४१ मध्ये जयप्रकाशांना तेथेच डांबले होते आणि तेथेच त्यांनी उपोषण केले होते. छावणी तीच. आमच्या नगरलाही या प्रकाराची ओळख आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात राहणाऱ्या जर्मनांना, त्यांत मिशनरीही होते, 'शत्रुदेशीय' म्हणून याच शहराच्या छावणीत कोंडले होते. युद्ध सुरू झाले की परदेशस्थापुढे राज्यसंस्था दोनच दारे उघडी ठेवते: एक छावणीचे, दुसरे खंदकाचे. कोटणीसांनी दुसरे दार स्वतः निवडले, हे खरे. म्हणून पहिल्या दारातून ढकललेल्यांना विसरून कोटणीसांना हार घालण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

आमच्या स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. कम्युनिस्ट मित्रांनी कोटणीसांवर मालकी सांगितली आणि समाजवाद्यांनी ती विनातक्रार मान्य केली. का? तर कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते, आणि आम्ही १९४२ च्या 'लोकयुद्धा'चा राग अजून धरून आहोत. तो राग निराधार नाही. देश पेटला असता ज्यांनी सरकारच्या युद्धप्रयत्नांची पाठराखण केली त्यांना लोकांनी जाब विचारला तो योग्यच होता. पण कोटणीसांचे युद्ध ते नव्हे. त्यांच्या अंगावर इंग्रजांचा गणवेश नव्हता. ज्या देशावर स्वारी झाली त्या देशाच्या शेतकऱ्यांचा होता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या सेनेत कोटणीस होते तिचीच पुढे जनमुक्ती सेना झाली, तिने १९५० मध्ये तिबेटवर चाल केली आणि १९८९ मध्ये बीजिंगमध्ये आपल्याच विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. तिबेटच्या बाबतीत लोहियांनी प्रथमपासून जो निषेध केला त्यातला एक शब्दही आम्ही मागे घेत नाही. मग कोटणीसांचे मरण वाया गेले काय? आमचे मत स्पष्ट आहे. माणूस ज्या युद्धाची निवड करतो त्याचा जबाबदार असतो, त्याच्या मरणानंतर त्याचे निशाण घेऊन इतरांनी केलेल्या युद्धांचा नव्हे. १९३८ मधील चीन हा आक्रमण झालेला देश होता. त्याच्या बाजूने उभे राहणे तेव्हा बरोबर होते आणि आजही बरोबर आहे. ज्या कसोटीने आम्ही तिबेटच्या बाजूचे आहोत त्याच कसोटीने कोटणीस चीनच्या बाजूचे होते.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळतो. त्याचा प्रश्न आम्हांला आठवडाभर सोडीना, कारण तो कोठून आला असेल याची कल्पना येते. राहुरीहून नगर-मनमाड रस्त्यावर पहाटे पाचला कोणीही जावे. ट्रकांच्या प्रकाशझोतांत, खड्डे चुकवीत, पोरे धावताना दिसतील. ती भरतीची तयारी करीत असतात. कृषी विद्यापीठाचा तालुका, मुळा धरणाचा तालुका, तरी दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर भावाभावांचे भागत नाही म्हणून धावणारी पोरे. जून २०२२ पासून त्यांच्यापुढे 'अग्निपथ' आहे: चार वर्षे नोकरी, आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम ठेवायचे. उरलेल्या पंच्याहत्तरांनी तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी 'माजी सैनिक' ही पदवीही न लावता गावी परत यायचे. याच तालुक्याच्या कडेला के. के. रेंजचे रणगाड्यांचे मैदान आहे. त्याच्या विस्ताराची चर्चा २०२० च्या सुमारास उठली तेव्हा राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतील गावे जमिनीच्या धास्तीने मोर्चे काढीत होती. ज्या बापाची जमीन तोफांच्या सरावासाठी जाण्याची भीती, त्याचाच मुलगा चार वर्षांच्या सैनिकीसाठी रस्त्यावर धावतो. या चित्रावर भाष्य कशाला हवे?

आणि ज्यांना येथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी दलाल आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जे उघडकीस आले ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. गुजरात, तेलंगण, केरळ, पंजाब अशा राज्यांतील तरुणांना 'मदतनीस', 'सुरक्षारक्षक' अशा नोकऱ्या सांगून, लाखो रुपये घेऊन रशियाला नेण्यात आले. तेथे त्यांच्यापुढे रशियन भाषेतला करार ठेवला, सही घेतली, थोडेसे प्रशिक्षण दिले आणि युक्रेनच्या आघाडीवर धाडले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने दलालांच्या जाळ्यावर गुन्हा नोंदवला. जुलैमध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलेला हिशेब असा: १२६ भारतीय रशियन सैन्यात गेल्याचे आढळले, ९६ परतले, १२ मारले गेले, १६ जणांचा पत्ता नाही. त्यानंतरही नवी नावे पुढे येतच राहिली. हे झाले सरकारला ठाऊक असलेले.

कोटणीस 'सेवाभावी' होते असे सांगून त्या विद्यार्थ्याला खाली बसवणाऱ्यांना आमचे विचारणे आहे: हे बारा जण कोण होते? त्यांनीही परक्या देशाचा गणवेश घातला, तेही परक्या मातीत मेले. त्यांच्यात आणि कोटणीसांत फरक काय, हे या मुलाला कसे समजावून सांगणार? कोटणीस डॉक्टर आणि हे मजूर, हा फरक नव्हे. कोटणीस गेले तेव्हा त्यांच्यामागे एक चळवळ होती, तिने युद्धाचा अर्थ गावोगाव सभा घेऊन सांगितला होता, लोकांनी पैसे दिले होते, आणि जाणाऱ्याने सारे समजून होकार दिला होता. हे बारा जण गेले तेव्हा त्यांच्यामागे फक्त कर्ज होते. कराराची भाषासुद्धा त्यांना वाचता येत नव्हती. कोटणीस सैनिक होते असे एकदा मान्य केले म्हणजे हा फरक मांडता येतो. नाही तर 'युद्धात परदेशी मृत्यू' या एकाच कपाटात दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी लागतात, एकाला हार आणि दुसऱ्याला नुकसानभरपाईचा अर्ज. गणवेशाचे नाव घेण्याची भीती का वाटते ते आता कळावे. तसे नाव घेतले की कोणाचे युद्ध, कोणाचा फायदा आणि कोणाची संमती हे विचारावे लागते, आणि मग तो प्रश्न १९३८ पाशी थांबत नाही. तो पहाटेच्या त्या रस्त्यावर येऊन उभा राहतो.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९८३ मध्येच झाला. तालुक्याच्या गावांतून जाहिरात-फलक लावून, मोबाइलवर चित्रफिती दाखवून परदेशी नोकऱ्या विकणाऱ्यांपैकी किती जणांची नोंद आहे, हे राहुरीच्या तहसील कचेरीतून कोणी विचारले आहे काय? नोंदणीकृत दलालांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लागत नाही? रशियन सैन्यातील भारतीयांची संपूर्ण यादी, जिवंत, मृत आणि बेपत्ता अशी, संसदेच्या पटलावर का ठेवली जात नाही? ज्यांचे मृतदेह आले त्यांच्या घरच्यांना रशियाने काय दिले आणि आपल्या सरकारने काय मागितले? देवळीत कोंडलेल्यांपैकी जे हयात आहेत ते साधी दिलगिरी मागत आहेत. ती व्यक्त करायला साठ वर्षांत कोणत्याही पक्षाच्या सरकारला सवड झालेली नाही.

कोटणीसांचा मुलगा यिनहुआ हाही वैद्यकीचे शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पदवीच्या तोंडावर, वारला. पत्नी क्वो चिंगलान २०१२ पर्यंत जगली आणि अनेकदा भारतात येऊन गेली. कोटणीसांची समाधी हेबेई प्रांतात श्‍जियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, बेथ्यून यांच्यासोबत. ती स्मशानभूमी सैनिकांची आहे.

तो विद्यार्थी भरतीची तयारी करतो किंवा नाही हे आम्हांला माहीत नाही. त्याचा पत्ता मिळवून हा अंक आम्ही त्याला पाठवीत आहोत.